उभयचर सहाचाकी व आठचाकी गाड्या : बिल्ज पंपाची जोडणी आणि निगा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात दलदल, तळी आणि जंगल यांतून एकाच वाहनाने जायचे असेल, तर सहा किंवा आठ फुगीर चाकांची, उघड्या टबासारखी दिसणारी उभयचर गाडी वापरतात. येथे स्थायिक झालेल्या आणि मासेमारी, कॅम्पिंग किंवा कामानिमित्त अशी गाडी घेतलेल्या मराठी मित्रांकडून मला तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. बहुतेक प्रश्नांचे मूळ गाडीच्या तळात साचणाऱ्या पाण्यात असते, म्हणून या पानाचा मोठा भाग त्या पाण्यावर आणि ते उपसणाऱ्या पंपावर, म्हणजे बिल्ज पंपावर, खर्च केला आहे.

या गाड्या नेमक्या कशा चालतात?

सर्वांत परिचित नाव ‘आर्गो’चे. ऑन्टारिओ प्रांतातील न्यू हॅम्बर्ग येथे 1962 साली सुरू झालेल्या ‘ऑन्टारिओ ड्राइव्ह अँड गिअर’ या कंपनीने 1967 पासून ही गाडी बनवायला घेतली. (याच कंपनीने पुढे कॅनडाच्या अवकाश संस्थेसाठी चांद्र-वाहनांचे प्रायोगिक नमुने तयार केले, चिखलातल्या गाडीची ही बढती मला नेहमीच गमतीची वाटत आली आहे.) अमेरिकेतील ‘मॅक्स’ ही तिचीच जातकुळी.

रचना साधी आहे. खाली जाड प्लास्टिकचा एकसंध टब असतो आणि त्याच्या आत इंजिन, पट्टा, गिअरपेटी, चेन व बसण्याची जागा असते. टबाच्या दोन्ही कडांमधून अ‍ॅक्सल बाहेर येतात आणि त्यांवर चाके बसतात. मोटारीप्रमाणे पुढची चाके वळत नाहीत. एका बाजूच्या चाकांना रोखून किंवा मंद करून गाडी वळवली जाते. पाण्यात टायरवरचे खोल खाच वल्ह्यांचे काम करतात आणि गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगाने, म्हणजे ताशी सुमारे चार-पाच किलोमीटरने, पुढे सरकते.

2025 च्या ऑगस्टमध्ये पंजाबच्या पुरात लष्कराने वापरलेली अवाढव्य चाकांची गाडी हीच का?

नाही. ती ‘एटीओआर एन 1200’, म्हणजे ‘शर्प’ या परदेशी उभयचर गाडीची भारतात तयार होणारी आवृत्ती. तिला माणसाच्या उंचीची चारच चाके असतात आणि अंग लोखंडी असते. तळात पाणी साचू न देण्याचे तत्त्व दोन्हींकडे सारखे असले, तरी या पानावरील प्लास्टिकच्या टबाविषयीच्या सूचना तिला लागू पडत नाहीत.

गाडी तरंगते असे कंपनीच म्हणते. मग पंप कशासाठी?

गाडी तरंगते ती टब रिकामा आहे या हिशेबाने. टबाची लांबी सुमारे तीन मीटर आणि रुंदी सुमारे दीड मीटर धरली, तर आत आलेले प्रत्येक 200 लिटर पाणी गाडीला साधारण साडेचार सेंटीमीटर खाली बसवते. ऐकायला हे थोडे वाटते, पण पाणी स्वस्थ बसत नाही. गाडी जिकडे झुकेल तिकडे ते धावते आणि ती बाजू आणखी खाली दाबते. किनाऱ्यावर चढताना पुढची चाके वर उचलली जातात, मागची बाजू खाली जाते, टबातले सगळे पाणी मागे लोटते, आणि मागची कड पाण्याखाली जाण्याचा धोका नेमका याच क्षणी सर्वाधिक असतो. निम्मे तळे शांतपणे पार केलेली गाडी काठाला लागताना बुडते, याचे कारण हे आहे.

दुसरे कारण कमी बोलले जाते. गिअरपेटीला शक्ती पोचवणारा रबरी पट्टा याच टबात फिरतो. पाणी त्याच्यापर्यंत चढले की पट्टा पुलीवर घसरू लागतो, इंजिन ओरडते आणि चाके फिरेनाशी होतात. म्हणजे पाण्याने गाडी बुडण्याच्या बरीच आधी तिची चाल जाते, आणि तीही तळ्याच्या मध्यावर.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करतो. पंप ही गळतीची दुरुस्ती नव्हे. दर खेपेला पंप चालवावा लागत असेल, तर गाडी पाण्यात नेणे थांबवून आधी गळती शोधावी.

पाणी आत येते तरी कोठून?

माझ्या अनुभवात पहिला क्रमांक टबाच्या मागच्या निचऱ्याच्या बुचाचा आहे. धुण्यासाठी ते काढले जाते आणि परत लावायचे राहून जाते, किंवा त्याची रबरी चकती कडक होऊन तडकलेली असते. दुसरा क्रमांक अ‍ॅक्सलच्या बेअरिंगभोवतीच्या सीलचा. तिसरा, आणि शोधायला सर्वांत त्रासाचा, कोणीतरी पूर्वी पाडलेल्या भोकांचा : तळाला संरक्षक पत्रा लावण्यासाठीचे बोल्ट, ट्रेलरचा हूक, विंचचे (दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राचे) बूड, बंदुकीची घोडी. माझ्या स्वतःच्या जुन्या आठचाकीत दर फेरीला तीन-चार बादल्या पाणी भरत असे. मी सगळे सील बदलून पाहिले आणि शेवटी दोष निघाला तो आधीच्या मालकाने काढून टाकलेल्या एका पेटीच्या रिकाम्या बोल्टभोकात, जे चिखलाने बुजलेले असल्यामुळे जमिनीवर दिसतच नव्हते.

शोधण्याची माझी पद्धत उलटी आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, बुचे घट्ट लावावीत, टब कोरडा पुसावा आणि बेअरिंगच्या थोडे वर येईल इतके पाणी आत भरावे. मग बाहेरून आणि खालून कोठे थेंब येतात ते तासभर पाहावे. पट्टा आणि विजेचे जोड यांच्या खालीच पाणी थांबेल याची काळजी घ्यावी. तरंगत्या गाडीत डोकावून गळती शोधण्यापेक्षा हे सोपे आहे आणि कपडेही कोरडे राहतात.

किती क्षमतेचा पंप घ्यावा?

येथे थोडा हिशेब करणे इष्ट आहे, कारण पंपाच्या डब्यावरचा आकडा फसवा असतो. तो गॅलन दर तास या मापात असतो आणि तो गॅलन अमेरिकन, म्हणजे 3.785 लिटरचा असतो. कॅनडातील जुनी माणसे अजूनही 4.546 लिटरच्या ब्रिटिश गॅलनमध्ये बोलतात, तेव्हा ऐकीव आकड्यांवर जाऊ नये. शिवाय तो आकडा पाणी मुळीच वर चढवावे न लागता, होज न जोडता आणि भरपूर व्होल्टेज मिळत असताना मोजलेला असतो. प्रत्यक्षात पाणी अर्धा-पाऊण मीटर वर चढवून होजच्या वळणांतून बाहेर टाकायचे असते, त्यामुळे मी 30 टक्के घट धरूनच चालतो.

आता बूच लावायचे राहिले आहे असे समजा. भोकाचा व्यास 25 मिलिमीटर आणि ते पाण्याच्या पातळीखाली 30 सेंटीमीटरवर असेल, तर मिनिटाला सुमारे 43 लिटर पाणी आत येते. पाच मिनिटांत ते 215 लिटर होते. 500 गॅलनचा पंप कागदावर मिनिटाला 31 लिटर आणि प्रत्यक्षात 22 लिटरच्या आसपास उपसतो, म्हणजे तो हरणारी लढाई लढत असतो. 1100 गॅलनचा पंप कागदावर 69 लिटर आणि प्रत्यक्षात 48 लिटर उपसतो आणि जेमतेम पुरा पडतो. या कारणाने मी सहाचाकीलाही 1100 गॅलनपेक्षा लहान पंप सुचवत नाही. किमतीतील फरक फार नसतो आणि विजेची ओढही 12 व्होल्टवर तीन-चार अँपिअरच्या घरात राहते.

एक मोठा पंप घेण्याऐवजी दोन मध्यम पंप, एक पुढे व एक मागे, वेगवेगळ्या फ्यूजवर बसवणे अधिक शहाणपणाचे आहे, असे माझे मत आहे. गाडी एकाच बाजूला झुकलेली असताना दुसऱ्या टोकाचा पंप हवा ओढत बसतो, हे खरे; पण कोणत्या टोकाला पाणी जाईल हे संकटात आपण ठरवत नसतो.

पंप टबात नेमका कोठे बसवावा?

जेथे पाणी जमते तेथे, आणि ते कोठे जमते हे जमिनीवर उभ्या गाडीवरून ठरवू नये. उथळ, शांत पाण्यात नेहमीची माणसे व नेहमीचे सामान घेऊन गाडी तरंगत ठेवावी, आत एक बादली पाणी ओतावे आणि ते कोणीकडे जाते ते पाहावे. मागच्या बाकावर माणसे आणि शिकारीचे सामान असेल, तर बहुतेक वेळा ते मागेच जाते.

जागा निवडताना चेनपासून अंतर राखणे महत्त्वाचे आहे. टबाच्या दोन्ही बाजूंनी चेन धावतात, त्या कालांतराने सैल होतात आणि खाली लोंबतात. आज दोन सेंटीमीटर दूर असलेली वायर उद्या चेनमध्ये जाऊ शकते. म्हणून पंप दोन अ‍ॅक्सलच्या मधल्या मोकळ्या जागेत, मध्यरेषेजवळ ठेवावा, आणि पंपाची जाळी साफ करण्यासाठी हात आत जाईल एवढी जागा वर सोडावी. हात पोचत नाही तेथे बसवलेल्या पंपाची जाळी पुढे कोणीही साफ करत नाही, हे मी पुष्कळ गाड्यांत पाहिले आहे.

पंप टबाला स्क्रूने पिळावा की चिकटवावा?

दोन्ही टाळावे. तळाला स्क्रू मारणे म्हणजे पाणी काढण्याचे यंत्र बसवताना पाण्याला नवी वाट करून देणे. चिकटवण्याची अडचण वेगळी आहे. हा टब बहुधा उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचा असतो आणि या प्लास्टिकला सिलिकॉन, इपॉक्सी किंवा नेहमीचे सरस धरून राहत नाहीत. लावल्यावर ते पक्के वाटते, पण थंडीत एक धक्का बसला की पापुद्र्यासारखे सुटून येते.

चांगला मार्ग असा, की अ‍ॅल्युमिनिअमच्या पट्टीचा किंवा कोनाचा छोटा कंस करून तो गाडीच्या आतील लोखंडी सांगाड्याला, आधीपासून असलेल्या बोल्टवर, कसावा आणि पंपाचे बूड त्या कंसावर बसवावे. पंप तळाला जवळजवळ टेकलेला असावा, पण जाळीत पाणी शिरायला फट राहिली पाहिजे. ज्यांना प्लास्टिक वेल्डिंग येते ते त्याच प्लास्टिकच्या कांडीने तळावर लहानसा तुकडा वितळवून जोडतात व पंप त्या तुकड्याला पिळतात. जुनी बोल्टभोके कायमची बुजवण्याचाही हाच खात्रीचा उपाय आहे. सिलिकॉन वापरायचेच असेल तर ते दोन पृष्ठभागांमध्ये नट-बोल्टने दाबलेल्या वॉशरच्या जागी वापरावे. त्याच्यावर ओझे टाकू नये.

पाणी बाहेर टाकण्याचे तोंड किती उंचीवर असावे?

जितके उंच मिळेल तितके. संपूर्ण भारासह तरंगताना पाण्याची रेषा टबावर कोठे येते ते खडूने आखून घ्यावे आणि तोंड त्या रेषेच्या चांगले वर, टबाची वरची कड जेथे वळते तिच्या लगेच खाली घ्यावे. चाकांवर रबरी पट्ट्यांचे ट्रॅक चढवणार असाल, तर ते चढवूनच रेषा आखावी, कारण त्यांच्या वजनाने गाडी खोल बसते.

भोक गोल करवतीने पाडावे, कडेचे तंतू चाकूने साफ करावेत, आणि आतून-बाहेरून रुंद वॉशर घालून जहाजी कामाच्या दर्जाचे तोंड नटने कसावे. या प्लास्टिकवर नट फार आवळला तर प्लास्टिक दबते आणि काही आठवड्यांनी जोड सैल पडतो, म्हणून महिन्याभराने तो पुन्हा तपासावा. तोंड शक्यतो मागच्या भिंतीत घेऊ नये. किनारा चढताना तीच बाजू पाण्याखाली जाते.

पंप बंद केल्यावर पाणी परत आत येते. हे कसे?

हा सायफन आहे, आणि या गाड्यांतील सर्वांत कपटी दोष तोच आहे. होज पाण्याने भरलेला असतो. गाडी झुकून त्याचे बाहेरचे तोंड पाण्याखाली गेले, आणि टबातील पातळी बाहेरच्या पातळीपेक्षा खाली असली, की पंप थांबताच बाहेरचे पाणी त्याच होजमधून उलटे आत वाहू लागते. मालकाला वाटते की कोठेतरी गळती आहे. खरे तर त्याने हाताने बसवलेली नळीच गाडी भरत असते.

उपाय म्हणजे होज पंपापासून सरळ तोंडाकडे न नेता आधी टबाच्या अगदी वरच्या कडेपर्यंत चढवावा, तेथे कमान द्यावी आणि मग उतरवून तोंडाला जोडावा. कमानीच्या माथ्यावर हवा आत घेणारा छोटा सायफन-रोधक व्हॉल्व्ह घातला तर उत्तम. एकदिशा व्हॉल्व्ह, ज्याला येथे चेक व्हॉल्व्ह म्हणतात, त्यावर मात्र विसंबू नये. तो पंपाचा प्रवाह कमी करतो, गवताची एक काडी अडकली की उघडाच राहतो, आणि कधी त्याच्यामागे हवा कोंडून पंप नुसताच फिरत राहतो.

होज कोणता घ्यावा?

पंपाच्या तोंडाच्या मापाचा आणि आतून गुळगुळीत. 1100 गॅलनच्या पंपाला बहुधा सव्वा इंचाला थोडा कमी, म्हणजे 28-29 मिलिमीटरचा होज लागतो. आतून सुरकुत्या असलेला स्वस्त होज वळायला सोयीचा असतो, पण त्या सुरकुत्या प्रवाह खातात. होज मध्येच खाली लोंबू देऊ नये. तेथे पाणी साचते व हिवाळ्यात गोठते. दोन्ही टोकांना स्टेनलेस स्टीलचे क्लँप लावावेत.

वायरिंग कसे करावे?

पंपाची धन वायर किल्लीच्या स्विचमधून नेऊ नये. इंजिन बंद पडले तरी पंप चालला पाहिजे. ती बॅटरीपासून थेट घ्यावी आणि बॅटरीच्या वीतभर अंतराच्या आत फ्यूज घालावा. फ्यूज किती अँपिअरचा, हे पंपाच्या लेबलवर लिहिलेले असते आणि तेच पाळावे. कचऱ्याने पंखा अडकला की मोटर अधिक वीज ओढते व तापते. मोठा फ्यूज घातला तर तो उडत नाही आणि त्याऐवजी वायर जळते. पेट्रोलच्या टाकीशेजारी हे होणे कोणालाच परवडणार नाही.

वायर 2.5 चौरस मिलिमीटरची, कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची असावी. जाता-येता चार मीटर लांबीवर चार अँपिअरला तिच्यात जेमतेम 0.1 व्होल्ट पडतो. जोड टबाच्या तळात नकोत. ते जितके वर घेता येतील तितके घ्यावेत आणि आत सरस असलेल्या, तापवल्यावर आकसणाऱ्या नळीने बंद करावेत. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड एका हंगामात हिरवा पडतो. जोडावर व्हिनेगरसारख्या वासाचे सिलिकॉनही लावू नये, कारण त्यातून सुटणारे आम्ल तांबे खाते.

डॅशवर तीन स्थितींचा स्विच घ्यावा : स्वयंचलित, बंद आणि हाती. त्याच्याशेजारी पंप चालू असल्याचा दिवा अवश्य असावा. इंजिनाच्या आवाजात पंप ऐकू येत नाही, आणि पंप वारंवार चालू होत आहे ही बातमीच मुळात गळतीची पहिली सूचना असते.

फ्लोट स्विच (पाणी चढताच तरंगून पंप आपोआप चालू करणारा) हवाच का?

तळ्यात गाडी उभी करून मासे धरणाऱ्यांना हवा. फक्त ओढे ओलांडणाऱ्यांना हाती स्विच पुरतो. फ्लोट स्विचचा दोष असा, की चिखल किंवा पाने त्याच्याखाली अडकली तर तो चालूच्या स्थितीत राहतो. साडेतीन अँपिअर ओढणारा पंप 30 अँपिअर-तासांची बॅटरी साडेआठ तासांत, म्हणजे एका रात्रीत, झोपवतो. म्हणून गाडी ट्रेलरवर चढली की स्विच ‘बंद’वर आणावा आणि पाण्यात उतरताना तो पुन्हा ‘स्वयंचलित’वर आणायला विसरू नये.

जोडणी झाल्यावर चाचणी कशी घ्यावी?

जमिनीवरच. टबात पाच-सहा बादल्या पाणी ओतावे, बाहेरच्या तोंडाखाली 10 लिटरची बादली धरावी आणि ती भरायला लागणारा वेळ मोजावा. 1100 गॅलनचा पंप नीट बसवला असेल तर बादली 12-13 सेकंदांत भरते. 20 सेकंद लागले तर मिनिटाला 30 लिटरच मिळत आहेत. अशा वेळी होज दबला आहे का, वळणे फार आहेत का आणि पंपाच्या टोकाला व्होल्टेज किती मिळते, हे या क्रमाने पाहावे. हा आकडा कोठेतरी लिहून ठेवावा आणि दर हंगामाच्या सुरुवातीला ताडून पाहावा.

पंप फिरतो, पण पाणी येत नाही. काय झाले असेल?

बहुधा जाळी गवताने भरली आहे किंवा होजमध्ये हवा कोंडली आहे. पंप क्षणभर बंद करून पुन्हा चालू केल्यास कोंडलेली हवा अनेकदा सुटते. तरीही नाही, तर पंप बुडातून सोडवून पंख्याभोवती मासेमारीची दोरी किंवा तारेचा तुकडा गुंडाळला आहे का ते पाहावे. त्याआधी फ्यूज काढून ठेवावा.

बेअरिंगला ग्रीस किती वेळा द्यावे?

पाण्यात जाऊन आल्यावर प्रत्येक वेळी, आणि शक्यतो त्याच दिवशी. तापलेले बेअरिंग थंड पाण्यात शिरले की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून थोडे पाणी आत ओढले जाते. नवे ग्रीस ते बाहेर ढकलते. ग्रीस भरण्याचे निपल आधी पुसावे, नाहीतर त्यावरची वाळूच आत भरली जाते. मग हातगनने सावकाश ग्रीस द्यावे आणि सीलच्या कडेला स्वच्छ ग्रीसची बारीक रेघ दिसली की थांबावे. जोर लावून किंवा हवेच्या गनने भरल्यास सील आपल्या जागेवरून निघतो, आणि मग ज्या वाटेने ग्रीस बाहेर आले त्याच वाटेने पाणी आत येते. ग्रीस पाण्याला टिकणारे, जहाजी कामाचे असावे. बाहेर येणारे ग्रीस दुधाळ दिसले, तर आत पाणी पोचले होते असे समजावे. दोन-तीन फेऱ्यांनंतरही ते तसेच येत असेल तर सील बदलायला झाला आहे.

चेनची काळजी कशी घ्यावी?

चेन टबाच्या आत असल्यामुळे त्या कोरड्या राहतात असा समज आहे. प्रत्यक्षात टबातील चार बोटे पाण्यात त्या रोज अंघोळ करतात. पाण्यातून आल्यावर टब रिकामा करून, चेन सुकू देऊन, तेल द्यावे. सैलपणा पुस्तिकेप्रमाणे ताणून घ्यावा, पण झीज ताणण्याने जात नाही. ती मोजण्यासाठी चेन ताठ धरून 12 दुव्यांचे अंतर पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत घ्यावे. 50 क्रमांकाच्या चेनचा एक दुवा 15.875 मिलिमीटरचा असतो, म्हणजे नव्या चेनचे 12 दुवे 190.5 मिलिमीटर भरतात. हे माप 3 टक्क्यांनी वाढून 196 च्या पुढे गेले की चेन बदलावी, आणि दातचक्रांचे दात वाकड्या आकड्यासारखे झाले असतील तर तीही सोबत बदलावीत. जुन्या चक्रांवर नवी चेन घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, आणि या गाडीच्या बाबतीत ते शब्दशः खरे ठरू शकते.

टायरमध्ये हवा किती ठेवावी?

अगदी कमी, अनेक मॉडेलांना 3 ते 5 पीएसआय पुरते. मोटारीचा मापक एवढ्या खाली भरवशाचा नसतो, म्हणून कमी दाबाचा वेगळा मापक घ्यावा. दोन्ही बाजूंचा दाब समान नसेल, तर चाकांचा परीघ बदलतो, गाडी एका अंगाला ओढते आणि चेनवर नाहक ताण येतो.

टबातले पाणी तेलकट असते. ते तळ्यात उपसले तर चालते का?

चालत नाही. पाण्यावर तेलाचा तवंग उठेल असे काही सोडणे अमेरिकेत संघीय कायद्याने निषिद्ध आहे आणि कॅनडाच्या मत्स्य कायद्यातही माशांना अपायकारक पदार्थ पाण्यात सोडण्यास बंदी आहे. चेनचे तेल टबात ठिबकतच असते, म्हणून पंपाशेजारी तेल शोषणारा, पाणी न शोषणारा रुमाल दोरीने बांधून ठेवावा आणि तो नियमित बदलावा. दोरी अशासाठी, की तो सुटून पंपाच्या जाळीवर बसू नये. इंजिनातून तेल गळत असेल तर आधी ते थांबवावे.

तळ्यातून बाहेर आल्यावर बूच काढायलाच हवे का?

हो, आणि ऑन्टारिओत त्यामागे कायदाही आहे. 1988 साली सेंट क्लेअर सरोवरात सापडलेले झेब्रा शिंपले (बाहेरून आलेली उपद्रवी जात) तेथून महासरोवरांत पसरले, आणि ते एका तळ्यातून दुसऱ्यात जातात ते बहुधा नावांच्या तळात उरलेल्या पाण्यातून व चिकटलेल्या शेवाळातून. 1 जानेवारी 2022 पासून या प्रांतात नौका रस्त्याने नेण्यापूर्वी निचऱ्याची बुचे उघडून पाणी काढणे व चिकटलेल्या वनस्पती झाडून टाकणे बंधनकारक आहे. उभयचर गाडीच्या चाकांत आणि चेनच्या कोपऱ्यांत नावेपेक्षा कितीतरी अधिक चिखल अडकतो, तेव्हा हा नियम आपल्याला लागू आहे असेच धरून वागावे. काढलेले बूच खिशात न ठेवता स्टिअरिंगला दोरीने लटकवावे. ते डोळ्यांसमोर लोंबत असताना गाडी पाण्यात घालणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

हिवाळ्यात पंपाचे काय करावे?

पंपात आणि होजच्या खोलगट भागात उरलेले पाणी गोठले की पंपाचे घर तडकते किंवा पंखा जागीच धरला जातो, आणि तशातच स्विच दाबला तर मोटर जळते. पहिल्या कडाक्याच्या थंडीपूर्वी बुचे काढून, पुढची बाजू उंच करून, टब पूर्ण निथळू द्यावा व पंप बुडातून काढून कोरडा ठेवावा. गाडी बर्फावर वापरायची असेल तर पंपातून प्रॉपिलीन ग्लायकॉलचे, बिनविषारी प्रकारचे, गोठणरोधक थोडे फिरवून घ्यावे. इंजिनात घालतात ते इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि ते शेवटी जमिनीवर किंवा पाण्यातच जाणार असते. गोठलेल्या तळ्यावर जाणाऱ्यांनी पंप कामाचा ठेवावाच, कारण बर्फ फुटून पाण्यात पडलेल्या गाडीला त्याची गरज उन्हाळ्यापेक्षा अधिक लागते.

पंप असूनही सोबत आणखी काय ठेवावे?

प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट, दोन वल्ही, दोर, सुटे फ्यूज, एक जादा बूच, आणि हाताने पाणी उपसण्याचे भांडे. कॅनडाच्या नौकाविषयक नियमांत अशा भांड्याचे किमान मापही दिलेले आहे : 750 मिलिलिटर क्षमता आणि 65 चौरस सेंटीमीटरचे तोंड. विकत काही घ्यायला नको. चार लिटरच्या दुधाच्या किंवा तेलाच्या प्लास्टिक कॅनचे बूड तिरके कापून, मूठ तशीच ठेवून, झाकण घट्ट लावले की कोकणातल्या होडीत असते तसे उपसणे तयार होते. भारही पाटीवर लिहिल्याइतकाच घ्यावा. या गाड्यांवर जमिनीचा आणि पाण्याचा असे दोन वेगळे आकडे असतात, आणि जी आठचाकी जमिनीवर सहा जणांना नेते तीच पाण्यात बहुधा चौघांसाठीच असते. उरलेल्या दोघांना काठावर उतरवून दुसरी फेरी मारावी.